अनेक यंत्रणा, एक इंटरफेस

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही संगणकावर ठेवावयाचे ठरविले आहे, अशी कल्पना करावी. मुख्य कचेरीतील संगणकावर विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, शाखेतील संगणकावर लिनक्स आहे, आणि ग्रंथपालांच्या टेबलावर मॅक आहे. नोंदवहीची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, मात्र तिन्ही ठिकाणी एकच हवी. वाचकाला पुस्तक दिले की नोंद व्हावी, नोंद फाईलमध्ये उतरावी आणि दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी सापडावी, एवढीच ग्रंथपालांची अपेक्षा असते. ही अपेक्षा साधी दिसते. परंतु ‘नोंद फाईलमध्ये उतरविणे’ हे एकच काम तीन यंत्रणा तीन रीतींनी करतात, आणि तेथूनच प्रोग्रॅमरच्या अडचणींना आरंभ होतो.

प्रश्नाचे स्वरूप

फोल्डर आणि त्यातील फाईल ह्यांची नावे जोडून लिहिताना लिनक्समध्ये एका बाजूला झुकलेली तिरपी रेघ वापरतात, तर विंडोजची रूढ खूण दुसऱ्या बाजूला झुकलेली असते. २००१ पूर्वीच्या मॅकमध्ये त्या जागी एकाखाली एक अशी दोन टिंबे येत असत. मजकुराची ओळ संपल्याची खूणही अशीच वेगळी. लिनक्समध्ये त्यासाठी १० क्रमांकाचे एकच चिन्ह पुरते, विंडोजमध्ये १३ व १० अशी दोन चिन्हे लागतात आणि जुन्या मॅकमध्ये केवळ १३ क्रमांकाचे चिन्ह असे. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे लिनक्स भिन्न मानते. विंडोज सामान्यतः तसे मानीत नाही. त्यामुळे लिनक्सवर सुखाने शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन फाईली विंडोजवर एकमेकींच्या जागी येऊ पाहतात.

ह्या भेदांवर सुचणारा पहिला उपाय असा की, जेथे जेथे भेद आड येईल तेथे तेथे एक अट घालावी : यंत्रणा विंडोज असेल तर असे करावे, लिनक्स असेल तर तसे करावे. आज्ञावली लहान असते तोवर हा उपाय चालतो. पुढे ती वाढते आणि अशा अटी शेकडो ठिकाणी पसरतात. चौथी यंत्रणा आली की त्या सर्व जागा शोधून काढाव्या लागतात, आणि एखादी जागा नजरेतून सुटली तर ती चूक कळते ती नोंद हरवल्यानंतरच. शिवाय देवघेवीचे नियम आणि यंत्रणांच्या लकबी एकाच पानावर मिसळल्यामुळे, दंडाचा दर बदलू पाहणाऱ्यालाही तिरप्या रेघांच्या रानातून वाट काढावी लागते.

वस्तू, वर्ग आणि इंटरफेस

ह्या गुंत्यावरील उपायाची बीजे बरीच जुनी आहेत. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड ह्यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडविली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत वर्ग, वस्तू आणि वारसा ह्या तिन्ही कल्पना आढळतात. वर्ग म्हणजे आराखडा आणि वस्तू म्हणजे त्या आराखड्यावरून घडलेला प्रत्यक्ष नग. मूळ वर्गात एखाद्या क्रियेचे केवळ नाव ठेवावे आणि ती कशी करावयाची हे वारस वर्गाने ठरवावे, अशी सोयही त्या भाषेत होती.

दुसरे सूत्र डेव्हिड पार्नास ह्यांनी १९७२ साली मांडले. आज्ञावलीचे भाग कामाच्या क्रमाप्रमाणे पाडू नयेत; जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाहेरच्यांना त्या भागाची फक्त दर्शनी बाजू दिसावी, आतील व्यवस्था दिसू नये. ‘फाईल कोणत्या यंत्रणेवर आहे’ हा असाच बदलणारा निर्णय होय.

ह्या दोन सूत्रांच्या मेळातून इंटरफेसची कल्पना स्पष्ट होते. इंटरफेस म्हणजे वस्तू कोणकोणती कामे करील ह्याची, बाहेरच्यांना दिलेली यादी. काम कसे होईल ह्याविषयी ती मौन पाळते. ग्रंथालयाच्या उदाहरणात ‘साठवण’ नावाचा इंटरफेस कल्पावा. त्यात ‘वाच’, ‘लिही’, ‘नाव बदल’ आणि ‘खोड’ अशा चार क्रिया असाव्यात. विंडोज-साठवण, लिनक्स-साठवण आणि मॅक-साठवण हे तीन वर्ग त्या क्रिया आपापल्या रीतीने पार पाडतील. देवघेवीचे नियम सांभाळणारा भाग मात्र केवळ ‘साठवण’ एवढेच जाणील. आपण कोणत्या यंत्रणेशी बोलत आहोत हे त्याला ठाऊक नसेल, आणि ठाऊक असण्याचे कारणही नसेल.

येथवर मार्ग सरळ आहे. खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. यादीत काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

छेद की संयोग?

यंत्रणांच्या क्षमता म्हणजे गणितातील संच मानले, तर दोन टोकाचे मार्ग दिसतात. सर्व यंत्रणांत जे समान आहे तेवढेच घ्यावे, हा छेदसंचाचा मार्ग. कोणत्याही एका यंत्रणेत जे जे आहे ते सर्व घ्यावे, हा संयोगसंचाचा मार्ग. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज ह्यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ ह्या १९९४ च्या ग्रंथात हा पेच नेमका मांडला आहे. त्यांच्यापुढचे उदाहरण होते अनेक खिडकी-यंत्रणांवर चालणाऱ्या लेखन-संपादकाचे. छेदाने इंटरफेस सर्वांत दुबळ्या यंत्रणेइतकाच बलवान राहतो. संयोगाने तो अवाढव्य व विसंगत होतो आणि कोणत्याही एका यंत्रणेत बदल झाला की त्यालाही बदलावे लागते. म्हणून त्यांनी ह्या दोहोंमधला मार्ग पत्करला.

छेदाच्या मार्गाचे फळ जावा भाषेच्या इतिहासात पाहावयास मिळते. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीची ही भाषा जानेवारी १९९६ मध्ये पहिल्या आवृत्तीच्या रूपाने बाहेर पडली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रणेवर चालावी, हा तिचा हेतू होता. खिडक्या व बटणे दाखविण्यासाठी तिच्यात एडब्ल्यूटी नावाचा वर्गसमूह होता. त्यातील प्रत्येक बटणामागे त्या त्या यंत्रणेचे खरे बटण एखाद्या जोडीदारासारखे उभे असे, आणि जावाचे बटण सर्व काम त्याच्याकडे सोपवी. ही रचना नीटस होती. परंतु जे सर्व यंत्रणांकडे नव्हते ते तिला देता येत नव्हते. रकान्यांचा तक्ता किंवा फांद्यांसारखी उलगडणारी यादी तिच्यात नव्हती. ग्रंथालयाच्या नोंदवहीला तक्ता नसेल तर ती नोंदवही कसली?

डिसेंबर १९९८ च्या आवृत्तीत स्विंग हा दुसरा वर्गसमूह जावाचा अंगभूत भाग झाला. त्याने जोडीदारांची प्रथा बव्हंशी सोडली. यंत्रणेकडून रिकामी खिडकी घ्यावयाची आणि बटणे, तक्ते, याद्या स्वतःच रंगवावयाच्या, अशी त्याची रीत होती. तक्ता मिळाला, परंतु रंगविलेले बटण खऱ्या बटणासारखे हुबेहूब दिसत नाही, ही तक्रार त्याच्या वाट्याला आली. २००१ मध्ये एक्लिप्स ह्या साधनासोबत आयबीएमचा एसडब्ल्यूटी हा तिसरा वर्गसमूह खुला झाला. यंत्रणेकडे जे आहे ते तिचेच वापरावे आणि जे नाही तेवढेच स्वतः घडवावे, असा त्याचा पवित्रा होता. ह्या तिन्ही रचनांपैकी एकही निखालस चुकीची म्हणता येत नाही. प्रत्येकीने काही मिळविले आणि त्याची किंमत मोजली. आपण कोणती किंमत मोजत आहोत हे रचनाकाराला आधी ठाऊक असले पाहिजे, एवढाच ह्यातील बोध.

नाव बदलण्याची गोष्ट

ह्या तत्त्वांची कसोटी फाईलच्या बाबतीत अधिक कठोर होते. कारण येथे चूक झाली तर केवळ बटण वेडेवाकडे दिसून भागत नाही, नोंदी नाहीशा होतात.

महत्त्वाची फाईल सुरक्षितपणे लिहिण्याची एक जुनी युक्ती आहे. नवा मजकूर जुन्या फाईलवर थेट लिहावयाचा नाही. तो प्रथम तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये पूर्णपणे उतरवावयाचा आणि मग तिला मूळ नाव द्यावयाचे. युनिक्स परंपरेतील यंत्रणांत पॉझिक्स ह्या प्रमाणकानुसार नाव बदलण्याची ही क्रिया जुन्या फाईलची जागा एका दमात घेते. त्या नावाची फाईलच नाही असा क्षण इतर आज्ञावल्यांना कधी दिसत नाही. वाचणाऱ्याला एक तर संपूर्ण जुनी फाईल मिळते, नाही तर संपूर्ण नवी.

जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेल्या ‘फाईल’ ह्या वर्गात नाव बदलण्याची क्रिया आहे. नाव एक, रूप एक. परंतु तिच्या अधिकृत वर्णनातच असे बजावलेले आहे की, तिच्या वर्तनाचे अनेक पैलू यंत्रणेवर अवलंबून असतात. ती एका साठवणीतून दुसरीत फाईल हलवू शकेलच असे नाही, ती अखंड असेलच असे नाही आणि त्या नावाची फाईल आधीच असेल तर ती यशस्वी होईलच असेही नाही. अपयश आले तर ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते, त्याचे कारण मिळत नाही. ‘खोड’ ह्या क्रियेचेही तसेच. परवानगी नव्हती, फाईलच नव्हती, की ती दुसऱ्या कोणी उघडून ठेवली होती, ह्यांपैकी काहीच कळत नाही.

अशा स्थितीत प्रोग्रॅमर काय करतो? त्याच्या लिनक्सवर युक्ती चालते, विंडोजवर ‘नाही’ असे उत्तर येते. तो जुनी फाईल आधी खोडतो आणि मग नव्या फाईलचे नाव बदलतो. आता दोन्हीकडे काम झालेले दिसते. परंतु खोडणे आणि नाव बदलणे ह्यांच्या मध्ये एक फट पडली आहे. नेमकी त्या फटीत वीज गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांना नोंदवही सापडणार नाही. इंटरफेस दिसावयास समान होता, त्यामागचे वचन समान नव्हते. आणि त्याची किंमत रचनाकाराने नव्हे, तर ग्रंथपालांनी मोजली.

२०११ मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीत फाईलसाठी नवा वर्गसमूह आला. त्यातील ‘हलव’ ही क्रिया करताना हेतू स्पष्ट सांगता येतो. ‘आधीची फाईल असल्यास तिची जागा घे’ ही एक सूचना आणि ‘हे काम अखंड कर’ ही दुसरी. अखंडतेची मागणी पुरी करता येण्याजोगी नसेल, तर क्रिया गुपचूप दुसऱ्या मार्गाने जात नाही. त्याच नावाचा अपवाद उत्पन्न करून ती थांबते. अपयशाची कारणेही वेगवेगळ्या अपवादांच्या रूपाने कळतात. समान इंटरफेसने प्रत्येक यंत्रणेला सर्व काही आलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. मात्र जे येत नाही ते लपवूही नये.

त्याच वर्गसमूहाने छेद आणि संयोग ह्यांमधला पेचही एका चांगल्या रीतीने सोडविला आहे. फाईलचा आकार, तिच्या वेळा इत्यादी सर्वसाधारण माहिती एका मूलभूत गटात ठेवली आहे. मालक, समूह आणि परवानग्या ही युनिक्स परंपरेची माहिती ‘पॉझिक्स’ नावाच्या वेगळ्या गटात आहे. लपविलेली फाईल, केवळ वाचनासाठीची फाईल ह्या विंडोज परंपरेच्या खुणा ‘डॉस’ नावाच्या गटात आहेत. एखादा गट येथे उपलब्ध आहे काय, हे आधी विचारता येते. म्हणजे मुख्य इंटरफेस लहान राहतो आणि विशेष क्षमता हव्या असणाऱ्याला दार बंद होत नाही. त्या दारावर पाटी मात्र स्पष्ट लावलेली असते.

अर्थाची समानता

क्रियांची नावे व त्यांना लागणारी माहिती जुळली म्हणजे इंटरफेस समान झाला, हा समज किती अपुरा आहे हे आता लक्षात येईल. बार्बरा लिस्कोव्ह ह्यांनी १९८७ मध्ये मांडलेले आणि १९९४ मध्ये जेनेट विंग ह्यांच्यासमवेत अधिक नेमके केलेले तत्त्व असे की, मूळ प्रकाराच्या वस्तूविषयी जे गृहीत धरता येते ते वारस प्रकाराच्या वस्तूविषयीही खरे राहिले पाहिजे. वारसाने नाव घ्यावे आणि वचन मोडावे, हे चालणार नाही.

काही भेद इंटरफेसच्या आडही राहत नाहीत. युनिक्स परंपरेत कोणी उघडून ठेवलेली फाईलही खोडता येते. तिचे नाव जाते, पण शेवटचा वाचणारा ती बंद करीपर्यंत मजकूर टिकतो. विंडोजमध्ये अशी फाईल सामान्यतः खोडू दिली जात नाही. येथे ‘खोड’ ह्या क्रियेचे वचनच विचारपूर्वक लिहिले पाहिजे : ‘फाईल कोणीही उघडलेली नसताना ही क्रिया करावी’. एवढे वचन दोन्ही यंत्रणांना पाळता येते.

मराठी वाचकाच्या जवळचे उदाहरण ‘कऱ्हाड’ ह्या नावाचे आहे. त्यातील ‘ऱ’ ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे. तसेच ‘र’ आणि नुक्ता ह्यांचे दोन क्रमांक लागोपाठ लिहूनही तेच अक्षर सिद्ध होते. युनिकोडच्या नियमाने दोन्ही लेखने समतुल्य आहेत. लिनक्सच्या रूढ साठवणी फाईलचे नाव केवळ अंकांची माळ म्हणून जपतात. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणाऱ्या ‘कऱ्हाड’ नावाच्या दोन फाईली एका फोल्डरात राहू शकतात. १९९८ मध्ये आलेली मॅकची एचएफएस प्लस ही साठवण अशा अक्षरांची फोड करूनच नाव लिहून ठेवी. म्हणजे एका क्रमांकाचे अक्षर लिहून ठेवावे आणि यादी मागितल्यावर दोन क्रमांकांचे परत यावे! २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस ही साठवण नाव दिले तसे जपते, परंतु दोन्ही लेखने एकच मानते. ‘ही दोन नावे एकच आहेत काय?’ हा प्रश्न ज्या आज्ञावलीने साध्या अक्षरतुलनेने सोडविला असेल, तिला शाखेची फाईल समोर असूनही सापडणार नाही. म्हणून हा प्रश्नदेखील इंटरफेसमधील एक क्रिया झाला पाहिजे आणि त्याचे उत्तर त्या त्या यंत्रणेच्या वर्गाने दिले पाहिजे.

निवड कोणी करावी?

आज्ञावलीचा मोठा भाग केवळ ‘साठवण’ जाणतो हे खरे. तरी विंडोज-साठवण निर्माण करावयाची की लिनक्स-साठवण, हे कोणीतरी ठरवावेच लागते. ते एकाच ठिकाणी ठरावे, हा नियम होय. ‘डिझाइन पॅटर्न्स’मध्ये अशा निर्मात्याला ‘अमूर्त कारखाना’ अशा अर्थाचे नाव दिलेले आहे. आज्ञावली सुरू होताना यंत्रणा ओळखावी, योग्य वर्गाची वस्तू घडवावी आणि पुढे सर्वांच्या हाती ती वस्तू द्यावी. पूर्वी शेकडो ठिकाणी पसरलेली अट आता एकदाच लिहिली जाते.

ह्या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे. खरी फाईल न लिहिता सर्व काही स्मृतीतच ठेवणारी चौथी साठवण करता येते आणि देवघेवीचे नियम तिच्या साहाय्याने तपासता येतात. किंबहुना दोन यंत्रणांवरून बेतलेला इंटरफेस त्या दोघींच्याच सवयी उचलण्याचा संभव असतो. तिसरा, अगदी वेगळा वर्ग त्यात बसतो की नाही, ही त्याची खरी परीक्षा. जावाच्या २०११ च्या आवृत्तीसोबत झिप प्रकारच्या संकुचित फाईलच्या पोटातील फाईली त्याच इंटरफेसने वाचणारा वर्गसमूह आला. जेथे ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंधच नाही तेथेही इंटरफेस टिकला, ही त्याच्या रचनेची मोठी पावती होती.

रचनाकाराने पाळावयाची पथ्ये

वरील विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात.

१. इंटरफेसची सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करावी, यंत्रणेच्या क्षमतेपासून नव्हे. ग्रंथालयाला ‘नोंदवही सुरक्षितपणे लिही’ ही क्रिया हवी असते. ‘नाव बदल’ हा तिच्या पोटातील तपशील आहे. क्रिया जितकी गरजेच्या जवळ, तितके यंत्रणांचे भेद तिच्याआड सहज मावतात.

२. यंत्रणेच्या खुणा इंटरफेसमधून बाहेर येऊ देऊ नयेत. विंडोजचा त्रुटी-क्रमांक परत देणारी क्रिया नावाने समान आणि प्रत्यक्षात विंडोजचीच असते.

३. प्रत्येक क्रियेचे वचन शब्दांत लिहावे : आधी काय खरे असले पाहिजे, नंतर काय खरे होईल आणि अपयश आल्यास काय कळेल.

४. त्या वचनाच्या चाचण्या एकदाच लिहाव्यात आणि प्रत्येक यंत्रणेच्या वर्गावर त्याच चालवाव्यात. जो वर्ग त्यांत उतरत नाही तो इंटरफेसचा वारस नव्हे.

५. एकदा इतरांच्या हाती गेलेला इंटरफेस सहजासहजी बदलू नये. त्यात नवी क्रिया घातली की ती न जाणणारे सर्व जुने वर्ग अपुरे पडतात. जावाने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, नव्या क्रियेला पूर्वनियोजित वर्तन जोडण्याची सोय दिली. तिने हे दुखणे हलके झाले, परंतु नाहीसे झाले नाही. म्हणून आरंभी यादी लहान ठेवणेच श्रेयस्कर. वाढविणे शक्य असते. दिलेले वचन परत घेणे जवळजवळ अशक्य.

समान इंटरफेस यंत्रणांमधील भेद नाहीसे करीत नाही. ते भेद कोणी सोसावेत, एवढेच तो ठरवितो. रचना चांगली असेल तर ते मूठभर वर्गांत आणि ते लिहिणाऱ्या थोड्या माणसांत सामावतात. रचना ढिली असेल तर ते प्रथम प्रत्येक प्रोग्रॅमरच्या आणि अखेरीस ग्रंथपालांच्या वाट्याला येतात. शाखेत लिहिलेली नोंद मुख्य कचेरीत जशीच्या तशी उघडली, आणि मध्ये तीन यंत्रणा होत्या हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, म्हणजे हे काम साधले असे समजावे.